मुका मार

“मॅडम, सिक असेल तर सिकच्या फाइलला लावतो, फिट असेल तर फिटच्या. हे कुठे लावू?”

कॉलेजच्या ऑफिसातले ते गृहस्थ उद्धट नव्हते, खरोखरच पेचात पडले होते. मी त्यांच्यापुढे ठेवलेल्या कागदावर माझ्या भाच्याच्या डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. सध्या रोज दोन तास वर्गात बसू शकेल. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं विश्रांती लागेल. स्क्रीनवर सलग काम नको. दोन आठवड्यांनी तपासून तास वाढवू. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. कागदात खोट काही नव्हती. फक्त तो ‘बेड रेस्ट’चाही नव्हता आणि ‘फिट टू रिझ्यूम’चाही नव्हता, आणि आपल्याकडे आजारपणाच्या कागदांच्या जाती दोनच.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. अठरा वर्षं मीही दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते आणि टेबलाच्या पलीकडे बसून मीही हेच करत आले आहे. “बरा झालायस ना? मग बस वर्गात. नसशील तर घरी जा, उगाच लटकत राहू नकोस.” हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल, मोजलेलं नाही. घरातलाच मुलगा तसा लटकत राहिला तेव्हा कळलं, की लटकणं हीच त्या आजाराची मधली पायरी असते आणि तिच्यावर उभं राहायला आपण कुणाला जागाच ठेवलेली नाही.

भाचा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जुलैतली संध्याकाळ, पावसाची भुरभुर, वळणावर सांडलेली खडी. स्कूटर घसरली. हेल्मेट होतं. पुण्यात हेल्मेट घालणारा मुलगा म्हणजे मित्रांमध्ये चेष्टेचा विषय, पण त्याने घातलं होतं आणि कवटी शाबूत राहिली ती त्यामुळेच. हेल्मेट कवटी सांभाळतं, आतला मेंदू हिसका खातोच. घट्ट झाकणाचा दह्याचा डबा हातातून निसटावा तसं होतं. डब्याला पोचाही येत नाही, आतलं दही मात्र मोडलेलं असतं. मेंदूत अर्थात काही मोडलेलं दिसत नाही. पेशींमधला क्षारांचा तोल ढळतो, तो सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमकी तेव्हाच ती पुरत नाही.

दोन उलट्या झाल्या, पडण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं आठवत नव्हती. सीटी स्कॅन काढला. नॉर्मल. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी घरी पाठवलं. “सीटी नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही.” या वाक्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा होता. सीटी रक्तस्राव दाखवतो, हाड मोडलेलं दाखवतो, आणि ते नाही हे कळणं फार मोलाचं असतं. पण कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला असा हिसका बसून होणाऱ्या इजेत, बिघडतं ते मेंदूचं काम, आणि ते त्या फोटोत उमटत नाही.

मराठीत याला किती नेमका शब्द आहे: मुका मार. जखम नाही, रक्त नाही, पण लागलेलं आहे. पाठीला किंवा गुडघ्याला मुका मार बसला तर घरात कुणी रिपोर्ट मागत नाही, आंबेहळद उगाळून लेप लावतात. डोक्याला बसला की मात्र पुरावा लागतो. आमच्या घरात पुरावा न मागणारी एकटी आजी होती. तिने तिसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्यांनी नातवाची दृष्ट काढली. आम्ही सगळे हसलो. आता वाटतं, पोराला काहीतरी झालंय एवढं तरी तिने रिपोर्ट न बघता मान्य केलं होतं.

‘माइल्ड’ हा शब्दही असाच घोळ घालतो. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजायची एक पट्टी तयार केली: डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. एकूण गुण १५. तेरा ते पंधरा गुण मिळाले की डोक्याची इजा ‘माइल्ड’. कॅज्युअल्टीत एका वेळी चार जण आले तर आधी कुणाकडे धावायचं हे ठरवायला ही पट्टी उत्तम आहे. हा मुलगा सहा आठवड्यांनी थर्मोडायनॅमिक्सचं पान वाचू शकेल का, हे सांगायला ती कुणी बनवलेलीच नाही. केस पेपरवरचा ‘माइल्ड हेड इंज्युरी’ हा शेरा मात्र घरी येतो, नातेवाइकांत फिरतो, कॉलेजात पोचतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ ‘विशेष काही नाही’ असा लागतो.

बहुतेक लोक खरोखरच दोन-चार आठवड्यांत बरे होतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. काही जणांचं मात्र रेंगाळतं. भाच्याचं रेंगाळलं. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट बंद करून बहीण खिडकीच्या उजेडात भाजी चिरत होती आणि मिक्सर लावायच्या आधी ओरडून सांगत होती, “लावतेय रे!” मुलगा आतल्या खोलीत एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचत होता. मी विचारलं, “दुखतंय का?” तर म्हणाला, “सारखं दुखत नाही गं मावशी. भरतं. टाकी भरल्यासारखं. सकाळी रिकामं असतं, मग एक फोन, एक लेक्चरचा व्हिडिओ, दोन माणसं एकदम बोलली, की काठोकाठ. त्यानंतर मला काहीच कळत नाही, नुसती चिडचिड होते.” मंडईत पाच मिनिटं उभा राहिला तर हलणाऱ्या माणसांनी त्याला गरगरायचं. दिसायला म्हणाल तर ठणठणीत. जेवायचा, हसायचा, दाढी करून बसायचा.

अशा मुलाला आपण काय सांगतो? आराम कर. अंधारात पड, मोबाइल बाजूला ठेव, पूर्ण बरं वाटेपर्यंत उठू नकोस. बरीच वर्षं डॉक्टरही हेच सांगत. आता सांगत नाहीत. २०२२ साली अॅमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ बसले, त्यांचं एकमताचं निवेदन २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्यात सांगितलेली विश्रांती पहिल्या २४ ते ४८ तासांपुरती आहे आणि तीही सापेक्ष: हलकी घरकामं चालतील, फिरणं चालेल, स्क्रीन कमी. नंतर हळूहळू वाढवत न्यायचं. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर हेच दाखवून दिलं होतं, की लक्षणं उफाळतील त्या वेगाच्या थोडं अलीकडे राहून रोज चालणारे रुग्ण नुसते पडून राहणाऱ्यांच्या मागे पडत नाहीत, उलट लवकर सावरतात. भाच्याच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेला नियम साधा होता. त्रासाला शून्य ते दहा गुण दे. काम करताना गुण दोनपर्यंत वाढले आणि तासाभरात उतरले, तर चालू ठेव. त्याहून वाढले तर थांब, उद्या थोडं कमी कर. चक्करेसाठी डोळ्यांचे आणि मानेचे व्यायाम वेगळे.

माझं सगळं म्हणणं या नियमावर उभं आहे. हा आजार अर्धवट काम करूनच बरा होतो. म्हणजे रोजचे दोन तास वर्ग हा या मुलाच्या औषधाचा भाग आहे, आणि ते औषध कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, फक्त कॉलेज देऊ शकतं. कॉलेजने ‘पूर्ण ये किंवा अजिबात येऊ नको’ म्हटलं, की मुलापुढे दोन वाटा उरतात. एक, दिवसभर बसायचं, टाकी ओसंडू द्यायची आणि चार दिवस आडवं व्हायचं. दोन, घरी अंधारात महिने काढायचे, मित्र तुटू द्यायचे, झोप बिघडू द्यायची आणि डोकेदुखीत उदासीची भर घालायची. दोन्ही वाटांनी आजार लांबतो.

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. दोन तास बसलेल्या मुलाची हजेरी लागते दोन तासांचीच, मग तो अटीत बसत नाही. परीक्षेचे पेपर एकापाठोपाठ एक, प्रत्येक तीन तासांचा. निम्मेच पेपर द्यावेत तर उरलेल्यांवर एटीकेटीचा शिक्का. प्लेसमेंटला आलेली कंपनी विचारणार, बॅकलॉग किती?

कायदा मदतीला येतो का? येतो, आणि अर्ध्यावर थांबतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात वाजवी सोयीचं तत्त्व आहे, पण त्यातली अपंगत्वाची व्याख्या ‘दीर्घकालीन’ या शब्दापासून सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, हाताला रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडण्याचा विकार) असलेल्या यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या खटल्यात, ४० टक्के अपंगत्व भरत नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने, चाळीसहून कमी टक्के अपंगत्व पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी लेखनिक आणि जादा वेळेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फार चांगली गोष्ट झाली. पण माझ्या भाच्याचा हात व्यवस्थित चालतो. चाळीस मिनिटांनी चालेनासं होतं ते डोकं. आणि त्याची अडचण बहुधा सहा-आठ महिन्यांत संपेल. म्हणजे अपंग म्हणावा तर फार थोडे दिवस आणि आजारी म्हणावा तर फार जास्त दिवस, अशा फटीत तो सापडला.

ही फट बुजवायला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. यूजीसीने २०२१ मध्ये क्रेडिट बँक आणली. श्रेयांक साठवायचे, सवडीने पूर्ण करायचे. अभ्यासक्रमातून बाहेर पडून पुन्हा येणाऱ्यांसाठी ती आहेच, मग निम्म्या गतीने चालणाऱ्याला का नको? विद्यापीठांनी एक परिपत्रक काढावं: डॉक्टरांनी लेखी आखून दिलेलं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक असेल तर हजेरीची टक्केवारी त्या वेळापत्रकावर मोजली जाईल, पेपर दोन सत्रांत विभागून देता येतील, आणि गुणपत्रिकेवर त्याचा शेरा येणार नाही. मधल्या विश्रांतीसाठी एक शांत खोली. प्रत्येक कॉलेजात एखादी तरी रिकामी खोली असते, तीत मोडकी बाकं ठेवलेली असतात.

“उद्या सगळेच डोकं धरून येतील.” आमच्या स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हीच होती. ती तुच्छ नाही. खोटी सर्टिफिकेटं किती सहज मिळतात हे आम्हा शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक? पण जरा विचार करा. खोटं सर्टिफिकेट आणणाऱ्या मुलाला हवी असते सुट्टी. पंधरा दिवसांचा ‘बेड रेस्ट’ लिहून घेतला की गोव्याला जाता येतं. रोज दोन तास या, नोंदवहीत सही करा, दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा आणि तास वाढवा, या कटकटीसाठी कोण सोंग घेईल? सोंगाची सोय खरं तर आजच्या दोन फाइलींत आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: इतकी चर्चा करून आपणच त्या मुलाला आजारी ठरवतोय का? यात तथ्य आहे. लक्षणांवर सारखं लक्ष ठेवलं की लक्षणं वाढतात, हे आम्ही घरात पाहिलं. बहीण दर तासाला विचारायची, “आता कसं वाटतंय?” मुलगा बरा असला तरी डोक्यात शोधायला लागायचा, आणि शोधलं की सापडायचंच. शेवटी असं ठरलं, की विचारायचं दिवसातून एकदा, संध्याकाळी चहाच्या वेळी, आणि नंतर विषय बदलायचा. डोकेदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले निम्मे दिवस घेत राहिलं तर ती गोळीच डोकेदुखीला खतपाणी घालते. बहिणीने गोळ्यांचं पाकीट कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं आणि घेतलेल्या दिवसाला गोल करायला लागली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर माझ्या मेहुण्यांशी बोलत. “झोप लागते का त्याला?” तो समोर बसलेला, वीस वर्षांचा, मतदान करून आलेला. तिसऱ्या खेपेला तोच म्हणाला, “सर, मला विचारा ना.” आईबापांना वाईट वाटलं, मला बरं वाटलं. या वयातल्या मुलाला आधार द्यायचा म्हणजे त्याचं आयुष्य पुन्हा आपल्या हातात घ्यायचं, असा आपल्याकडे समज आहे. मुलगा घरात परत लहान होतो. फोन कुणी करायचा, कॉलेजला काय सांगायचं, मित्रांना किती सांगायचं, हे त्याने ठरवावं. आपण गाडीची किल्ली मागून घ्यावी. तेवढं एक मात्र हट्टाने करावं, कारण चक्कर येणाऱ्या, प्रतिक्रिया मंदावलेल्या मुलाने दुचाकी चालवणं म्हणजे दुसऱ्या माराला आमंत्रण, आणि पहिला भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार फार महाग पडतो. डोकेदुखी सतत वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, गुंगी चढली, हातापायात कमजोरी आली किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर कुणाला न विचारता तडक हॉस्पिटल. उरलेल्या बाबतीत घरच्यांनी एक पाऊल मागे राहायला हरकत नाही.

गणपतीत आमची कसोटी लागली. गल्लीच्या तोंडाशी मंडळ, दहा दिवस स्पीकर, शेवटी पथक आणि डोळ्यांवर सुया मारणारे लेझर. बहीण मंडळात जाऊन भांडणार होती. भाच्याने अडवलं आणि स्वतः गेला. कार्यकर्ते त्याचेच शाळासोबती. त्यांनी आरतीव्यतिरिक्त स्पीकर बंद ठेवला, विसर्जनाच्या दिवशी त्याला आमच्याकडे पाठवून दिला. न्यायालयाच्या आदेशांनी जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते एका ‘यार, डोकं फुटतं रे’ने जमलं. याचा नियम बनवता येत नाही, हेही कळतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे सगळं पोटभर खाणाऱ्यांचं. बरोबर आहे. त्याच वयाचा, तशीच पडलेली गाडी उचलून पुढची ऑर्डर पोचवायला गेलेला डिलिव्हरीवाला मुलगा कुठल्या फाइलीत आहे? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, पण ज्या दिवशी तो काम करेल त्या दिवसाचं मिळत नाही. म्हणजे तिथेही सिक किंवा फिट. तीन तास यंत्रावर उभं राहून पाहावं आणि उरलेल्या वेळेचा लाभ घ्यावा, अशी सोय नाही. आणि सासरी ‘पाय घसरून’ पडलेली एखादी चोवीस वर्षांची सून? तिच्या डोक्याला काय लागलं हे विचारायचं तर कसं लागलं हे विचारावं लागेल. घरकामाला तर सिक लीव्ह नसतेच.

सरकारी आकडेवारीतही दोनच रकाने आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ जण जखमी झाल्याची नोंद आहे, आणि त्या जखमा एकतर गंभीर असतात किंवा किरकोळ. भाचा अर्थातच किरकोळमध्ये. गंमत म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमानुसार, ज्या दुखापतीमुळे माणूस पंधरा दिवस आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही ती गंभीर दुखापत असते. पण पोलिसांचा कागद पहिल्याच दिवशी भरला जातो. पंधराव्या दिवशी कोण विचारायला येतंय?

क्रिकेटने हे थोडंफार शिकून घेतलं. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागून स्टीव्ह स्मिथ कोसळला, तपासणी होऊन परत फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवला म्हणून त्याला सामन्यातून काढलं आणि मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. काल खेळलेला माणूस आज खेळण्याजोगा नसू शकतो, हे निदान नियमात लिहिलं गेलं. आपण मात्र ३१ जानेवारी २०२५ ला गहुंज्याच्या मैदानावर हेल्मेटवर चेंडू लागलेल्या शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला तेव्हा दोन दिवस एवढंच भांडलो, की अष्टपैलूच्या बदल्यात वेगवान गोलंदाज कसा चालतो. आमच्या स्टाफरूममध्येही तेच चाललं होतं, मीही त्यात होते. दुबेचं डोकं कसं आहे, हे विचारल्याचं मला आठवत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की डोक्याला वारंवार लागलेल्या माराने सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. एकच कसोटी, सिडनीत, भारताविरुद्ध, पहिल्या डावात ६२. तो निवृत्तीच्या दिवशीही दिसायला ठणठणीतच असणार.

त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात आम्ही दोघे पाच मिनिटं कागदाकडे बघत बसलो. मग त्या गृहस्थांनी कपाटातून एक कोरी फाइल काढली, स्केच पेनने वर ‘इतर’ असं लिहिलं आणि कागद तीत लावला. “साहेबांना विचारून घेतो,” म्हणाले. साहेबांनी काय ठरवलं ते लेखी कधीच मिळालं नाही, पण भाचा दोन तास बसत राहिला, मग तीन, दिवाळीनंतर चार. डिसेंबरात त्याने सहापैकी चार पेपर दिले.

फेब्रुवारीत उरलेल्या दोन पेपरांचा फॉर्म भरायला गेले तेव्हा ती फाइल टेबलावरच होती. जाड झाली होती. मी विचारलं तर म्हणाले, “तुमच्यानंतर अजून पाच आले, मॅडम. एक डेंग्यूनंतरच्या अशक्तपणाचा. एक मुलगी, टीबीची औषधं चालू आहेत तिची. बाकीचे कुठे लावायचे कळेना, म्हणून इथेच लावले.”